सामान्यांच्या ताटातील प्रथिने : डॉ. कमला सोहोनी यांच्या आहाररसायन-संशोधनाचा परिचय

मुंबईच्या उत्तर उपनगरांत मालाडहून मार्वे गाठावे आणि तेथून होडीने खाडी ओलांडावी, म्हणजे आपण मनोरी गावी पोहोचतो. महानगराच्या इतक्या निकट असूनही या गावाने कोळी व ईस्ट इंडियन समाजाचे आपले जुने जीवन पुष्कळ अंशी टिकवून धरले आहे. पावसाळा सरला की येथील किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळत पडतात. वस्तीभोवती ताड आणि माड उभे आहेत. ताडाच्या पोयीतून पाझरणारा रस सूर्योदयापूर्वी उतरविला तर ती नीरा होय. तोच रस आंबला की त्याची ताडी होते. घरोघरच्या स्वयंपाकात भाताबरोबर कधी सुकी मासळी असते, तर कधी वालाची उसळ.

सुके बोंबील, नीरा आणि वाल हे तिन्ही पदार्थ श्रमिकांच्या आहारातील आहेत. मेजवानीच्या पंक्तीत त्यांना क्वचितच मानाचे स्थान मिळते. परंतु आहारशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न नेमका येथूनच सुरू होतो. ज्यांना दूध, मांस आणि अंडी नित्य परवडत नाहीत, त्यांच्या शरीराची झीज कोणत्या अन्नाने भरून निघावी? आज जगभर ‘पर्यायी प्रथिने’ या नावाने जो विषय गाजत आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आणि तो महाराष्ट्रात फार पूर्वी, अत्यंत चिकाटीने, एका मराठी विदुषीने आपल्या प्रयोगशाळेत हाताळला होता. त्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी. त्यांचे अध्ययन-अध्यापनाचे जीवन आणि त्यांच्या संशोधनाचे मर्म यांचा सामान्य वाचकास परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथिन म्हणजे काय?

विषय समजण्यासाठी प्रथम काही प्राथमिक गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. आपले स्नायू, त्वचा, केस, रक्तातील अनेक घटक आणि पचनाची सर्व विकरे ही प्रथिनांची बनलेली असतात. प्रथिन हे अमिनो आम्लांच्या लांब साखळीने बनते. या अमिनो आम्लांचे मुख्य प्रकार वीस असून त्यांपैकी नऊ आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळावी लागतात. म्हणून त्यांस आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अन्नात प्रथिन किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या अमिनो आम्लांचे आहे आणि त्यांतील किती भाग आपल्या पचनसंस्थेस उपलब्ध होतो, हेही पाहावे लागते. तांदळात शंभर ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम, गव्हात सुमारे १२ ग्रॅम, तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम आणि सोयाबीनमध्ये सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात. ताज्या बोंबलात पाण्याचेच प्रमाण फार मोठे असते. परंतु तोच वाळविला की शंभर ग्रॅममागे सुमारे ६० ग्रॅम प्रथिने त्यात सापडतात. किनाऱ्यावरील ऊन आणि वारा यांनी केलेली ही किमया आहे. तिला यंत्र लागत नाही की इंधन लागत नाही.

धान्यांच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मिथिओनिन कमी पडते आणि धान्यात ते तुलनेने अधिक असते. म्हणून वरण आणि भात किंवा भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली असता एकाची उणीव दुसरे भरून काढते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जे जेवण सिद्ध झाले, त्याचे कारण रसायनशास्त्राने विसाव्या शतकात उलगडून दाखविले.

प्रवेशद्वाराशी झालेला संघर्ष

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. विख्यात लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले होते. घरातच रसायनशास्त्राचे वातावरण असल्यामुळे कमलाबाईंनी त्याच मार्गाने जाण्याचे ठरविले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी उत्तम रीतीने संपादन केली आणि बंगळूरच्या त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला.

संस्थेचे संचालक त्या वेळी नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. गुणवत्ता असूनही केवळ स्त्री असल्यामुळे त्यांनी कमलाबाईंना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हा नकार स्वीकारला नाही. महात्मा गांधींच्या मार्गाचा अवलंब करून त्यांनी रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह मांडला. अखेरीस प्रवेश मिळाला, परंतु तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांचे काम संचालकांना समाधानकारक वाटले तरच त्यास मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही अपेक्षा होती. कमलाबाईंनी अटी पाळल्या. पण त्यांतील अपमान त्या कधीही विसरल्या नाहीत आणि पुढे जाहीरपणे तो सांगण्यासही त्या कचरल्या नाहीत. त्यांचे काम पाहिल्यानंतर रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले.

ही घटना येथे विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. ज्ञानाच्या दारात कोणास उभे करावयाचे आणि कोणास बाहेर ठेवावयाचे, याचा निर्णय जेथे जन्मावरून होतो, तेथे केवळ त्या व्यक्तीचेच नव्हे तर संपूर्ण समाजाचे नुकसान होते. नकार कायम राहिला असता, तर पुढे सामान्यांच्या अन्नाविषयी जे ज्ञान निर्माण झाले ते कदाचित फार उशिरा निर्माण झाले असते.

नायट्रोजनाचे मोजमाप आणि त्यातील फसगत

बंगळूर येथे एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. या कामाचे महत्त्व समजण्यासाठी प्रथिने कशी मोजतात हे पाहिले पाहिजे.

डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये एक पद्धत शोधली. अन्नाचा नमुना तीव्र गंधकाम्लात उकळावयाचा, त्यातील नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करावयाचे आणि तो अमोनिया मोजावयाचा. प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून मिळालेल्या नायट्रोजनास ६.२५ ने गुणले की प्रथिनाचा अंदाज मिळतो. पद्धत सोपी आहे, परंतु तिच्यात एक उणीव आहे. अन्नातील सर्वच नायट्रोजन प्रथिनाचा नसतो. सुटी अमिनो आम्ले व इतर काही संयुगे यांतही तो असतो. ही पद्धत त्या दोहोंत भेद करीत नाही.

कमलाबाईंनी कडधान्यांतील प्रथिनांचा नायट्रोजन आणि प्रथिनेतर नायट्रोजन यांची विभागणी करण्याचे काम केले. गरिबाच्या डाळीत खरोखर किती प्रथिन आहे, हे निश्चित करण्याचा तो पाया होता. असा भेद न केल्यास काय अनर्थ ओढवतो, याचे उदाहरण जगाने २००८ मध्ये पाहिले. त्या वर्षी चीनमध्ये पाणी मिसळलेल्या दुधात मेलामाइन नावाचे नायट्रोजनयुक्त रसायन घातल्याचे उघडकीस आले. नायट्रोजनाच्या चाचणीत ते दूध प्रथिनयुक्त भासे. परंतु त्यापासून बनविलेल्या भुकटीमुळे लाखो बालकांना मूत्रपिंडाचे विकार जडले आणि काही बालके दगावली. मोजमाप हे नुसते तांत्रिक कर्म नाही, हे यावरून आपल्या ध्यानी येईल.

१९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी प्राप्त करून कमलाबाई शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. १९३७ च्या अखेरीस त्यांनी केंब्रिजच्या न्यूनॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यांच्याच प्रयोगशाळेत १९०१ मध्ये वेगळे करण्यात आले होते. आणि ज्या प्रथिनात ते नाही अशा मक्यातील झेइन या प्रथिनावर ठेवलेले उंदीर तग धरीत नाहीत, हेही त्यांनी दाखविले होते. म्हणजे ‘सर्व प्रथिने सारखी नसतात’ हा विचार जेथे जन्मला, त्याच ठिकाणी कमलाबाईंना काम करण्याची संधी लाभली.

तेथे प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासह काम करीत असता बटाट्याच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेत भाग घेणारे प्रथिन असल्याचे त्यांना आढळले. हे प्रथिन प्राण्यांच्या पेशींत असते, हे ज्ञात होते. वनस्पतींच्या पेशींतही ते असते हे या कामातून पुढे आले. या संशोधनावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता आणि तो त्यांनी सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण केला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्यापूर्वी १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली होती, याचीही नोंद येथे घेणे उचित होय.

मुंबईतील वीस वर्षे

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाचे प्रमुखपद सांभाळले. नंतर त्या निलगिरीतील कुन्नूर येथील आहार संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक होत्या. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला स्थलांतरित झाली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्धीस आली. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि १९४९ पासून सुमारे वीस वर्षे विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या; परंतु ते पद त्यांना स्त्री असल्यामुळे चार वर्षे विलंबाने मिळाले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नमूद केलेले आढळते.

या काळात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी जे पदार्थ निवडले, ते पाहण्यासारखे आहेत. डाळी व कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा हे ते तीन मुख्य गट होत. परदेशी सुसज्ज प्रयोगशाळेत प्रावीण्य मिळविलेल्या व्यक्तीस दुर्मीळ व प्रतिष्ठित विषय निवडणे सहज शक्य होते. त्यांनी मात्र दरिद्री माणूस प्रत्यक्ष जे खातो तेच परीक्षानळीत घेतले. संशोधकाची करुणा त्याच्या विषयाच्या निवडीत दिसते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वालातील अवरोधक

या संशोधनातील एक महत्त्वाचा भाग कडधान्यांतील ट्रिप्सिन-अवरोधकांचा आहे. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन हे विकर स्रवते व लहान आतड्यात येऊन अन्नातील प्रथिनांच्या साखळ्या तोडते. निसर्गात अनेक बियांमध्ये अशी प्रथिने असतात की, ती ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे कार्य बंद पाडतात. बीज हे वनस्पतीचे अपत्य. कीटक व प्राणी यांच्यापासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून ही तजवीज असावी. परिणाम असा की, कच्चे कडधान्य खाणाऱ्या प्राण्यास त्यातील प्रथिनांचा पूर्ण लाभ होत नाही. अशा आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि त्यांचे स्वादुपिंड अधिक विकर स्रवण्याच्या प्रयत्नात मोठे होते.

सोयाबीनमधील असा अवरोधक अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकात स्फटिकरूपात वेगळा केला होता. भारतीय कडधान्यांत काय आहे, हे पाहण्याचे काम सोहोनी यांच्या विभागाने हाती घेतले. सोहोनी व भांडारकर यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील अवरोधकांचा शोध घेतला. आणि १९५५ मध्ये सोहोनी व अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिन-अवरोधक स्फटिकरूपात मिळविल्याचे ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. कोकणातल्या घराघरांत शिजणारा वाल अशा रीतीने जगाच्या विज्ञानपत्रिकेत पोहोचला.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. वालाचे बिरडे करताना गृहिणी वाल रात्रभर भिजत घालते, पाणी टाकून देते, ते फडक्यात बांधून मोड आणते, मग कोमट पाण्यात घालून सोलते आणि शेवटी नीट शिजविते. यातील प्रत्येक कृतीस रसायनशास्त्रात अर्थ आहे. भिजविल्याने पाण्यात विरघळणारे काही अपायकारक घटक निघून जातात. मोड येताना बीज स्वतःच आपला संचय वापरू लागते आणि अवरोधकांचे प्रमाण घटते. ओल्या उष्णतेने त्यांची रचना मोडते व ते बव्हंशी निष्प्रभ होतात. काही अवरोधक उष्णतेस बराच काळ दाद देत नाहीत. म्हणून कडधान्य अर्धवट शिजवून भागत नाही. परंपरेने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये आणि परंपरेची आहे म्हणून टाकूनही देऊ नये. ती प्रयोगाने तपासावी, हा धडा वालाच्या या उदाहरणातून मिळतो.

नीरेचा अभ्यास

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. नीरा हा प्रथिनांचा मोठा साठा नव्हे. तिच्यात मुख्यतः साखर असते. परंतु तिच्यात अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले; आणि नीरा आटवून गूळ किंवा काकवी केली तरी त्यांतील पोषक घटक पुष्कळ अंशी टिकतात, असेही दिसून आले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा हा स्वस्त पूरक पदार्थ ठरू शकतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार प्राप्त झाला.

नीरेचा प्रश्न केवळ रसायनाचा नाही. उतरविल्यानंतर थोड्याच तासांत किण्व तिच्यातील साखरेचे मद्यार्क करू लागतात. म्हणून मडके आतून चुन्याने माखतात, रस पहाटे उतरवितात आणि तो थंड ठेवावा लागतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर ताड उतरविण्याच्या व्यवसायावर कठोर बंधने आली. ताडावर चढणाऱ्या माणसाची उपजीविका आणि व्यसनमुक्तीचा आग्रह यांच्यामध्ये नीरा ही एक वाट होती. मनोरीसारख्या गावातील ताड पाहताना हे स्मरणात ठेवले पाहिजे की, एकाच झाडाचा रस सकाळी पोषण देतो आणि सायंकाळी मद्य होतो. भेद केवळ काळाचा व काळजीचा आहे.

याखेरीज कमलाबाई आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार होत्या आणि दूध नासू नये यासाठी त्यांनी कार्यपद्धती तयार करून दिली. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कार्यात त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचावे, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो.

प्रथिने की उष्मांक?

कमलाबाई हे संशोधन करीत असताना जगात प्रथिनांविषयी एक मोठा वाद आकार घेत होता. आफ्रिकेतील बालकांमध्ये क्वाशिओरकोर या रोगाचे वर्णन सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जगात प्रथिनांची मोठी तूट आहे’ हा विचार प्रबळ झाला आणि संयुक्त राष्ट्रसंघाने १९६८ मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाविषयी इशारा दिला. नव्या प्रथिनांचा शोध सर्वत्र सुरू झाला. म्हैसूर येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याची पेंड व हरभऱ्याचे पीठ यांपासून बहुउद्देशीय अन्न तयार केले. इंग्लंडमध्ये एन. डब्ल्यू. पिरी हे हिरव्या पानांचा रस काढून त्यातून प्रथिन मिळवीत होते. त्याच धर्तीचे काम औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे १९९४ मध्ये ज्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले तेथे, वनस्पतिशास्त्र विभागात आर. एन. जोशी यांनी केले.

या प्रयत्नांपैकी बरेचसे सामान्यांच्या ताटापर्यंत पोहोचले नाहीत. पानांच्या प्रथिनाचा गडद हिरवा रंग व चव लोकांना रुचली नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत वेगळाच धोका पुढे आला : १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. पोषण आणि सुरक्षितता यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

याच वादात दुसऱ्या एका मराठी विद्वानाने मूलभूत आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्याच जन्मवर्षी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ ते १९७१ या काळात जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : भारतातील सामान्य आहार धान्य-डाळींचा आहे, तो पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. जेथे प्रथिनांची कमतरता दिसते, तेथे मुख्यतः अन्नच अपुरे असते. अन्न अपुरे असले की शरीर प्रथिनांचा उपयोग उभारणीसाठी न करता इंधनासारखा करते. अशा माणसास महागडे प्रथिन देणे म्हणजे घराचे वासे चुलीत घालण्यासारखे आहे. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून प्रथिन-तुटीच्या सिद्धान्तावर कठोर टीका केली आणि विचाराचे पारडे फिरले.

सुखात्मे यांची सर्वच मते मान्य झाली असे नाही. कमी उष्मांकांशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, या त्यांच्या पुढील प्रतिपादनावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी तीव्र आक्षेप घेतला. कारण तसे मानल्यास उपाशी माणसांची गणनाच कमी होते. हा वाद आकड्यांचा असला तरी त्यात पणास लागली होती ती भुकेल्या माणसाची दखल.

या दोन प्रवाहांकडे पाहता सोहोनी यांच्या कार्याचे वैशिष्ट्य ध्यानात येते. त्यांनी गरिबांसाठी नवे, कृत्रिम अन्न घडविण्याचा ध्यास घेतला नाही. जे अन्न उपलब्ध आहे त्यात काय आहे, काय नाही, त्यातील अडथळा कोणता आणि तो कसा दूर होईल, याचा त्यांनी शोध घेतला. त्यामुळे प्रथिन-संकटाचा सिद्धान्त मागे पडल्यावरही त्यांच्या कामाचे मोल उणावले नाही.

आजचा संदर्भ

आज ‘पर्यायी प्रथिने’ या संज्ञेस नवा अर्थ आला आहे. प्राण्यांची कत्तल टाळावी, पाणी, जमीन व हवामान यांवरील भार कमी व्हावा, या हेतूने वनस्पतिजन्य मांससदृश पदार्थ, किण्वनाने मिळविलेली प्रथिने आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेले मांस यांवर संशोधन चालू आहे. सिंगापूरने २०२० च्या डिसेंबरमध्ये पेशी-संवर्धित कोंबडीच्या मांसाच्या विक्रीस परवानगी दिली. महाराष्ट्रातही मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या सहभागाने कर्जत येथे अशा संशोधनाचे केंद्र उभारण्याची घोषणा २०१९ मध्ये झाली. अंधेरीच्या वर्सोवा भागातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून मत्स्यविषयक शिक्षण देत आहे. ज्या तरुण-तरुणींना आहाररसायनात अध्यापन-संशोधनाचा मार्ग स्वीकारावयाचा आहे, त्यांना साधनांची पूर्वीइतकी वानवा नाही.

परंतु प्रश्न साधनांपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. डाळीचा हक्क मात्र त्यात नाही. धान्याचा उष्मांक मिळतो, पण धान्याची उणीव भरून काढणारी डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. मराठवाडा व विदर्भात सोयाबीनचे अमाप पीक येते. त्याचे तेल काढून घेतले जाते आणि प्रथिनांनी समृद्ध पेंड मुख्यतः पशुखाद्य म्हणून जाते. ते पिकविणाऱ्या शेतमजुराच्या मुलाच्या ताटात त्यातील किती अंश येतो, हा प्रश्न विचारणारा संशोधक आज हवा आहे.

डॉ. कमला सोहोनी यांचे निधन १९९८ मध्ये झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तत्कालीन महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या पुढाकाराने दिल्ली येथे त्यांचा सत्कार आयोजित करण्यात आला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची जीवनयात्रा संपली. परिषदेच्या महासंचालकपदी आलेल्या डॉ. सत्यवती या पहिल्या स्त्री होत्या. पासष्ट वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थिनीस प्रयोगशाळेच्या दारात अडविले गेले, तिचा गौरव एका स्त्री-महासंचालकाच्या हस्ते व्हावा, यात त्यांच्या संघर्षाचे फलित दिसून येते.

वाचकांनी यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, आपल्या नित्याच्या आहाराकडे तुच्छतेने पाहू नये. कडधान्य भिजवून, मोड आणून, पूर्ण शिजवून धान्याबरोबर खावे, आणि ज्यांच्या आहारात मासळी आहे त्यांनी सुक्या मासळीस कमी लेखू नये. दुसरी, आपल्या वस्तीतील ज्या मुलीस विज्ञानाची ओढ आहे, तिला शिकवावे. मनोरीच्या वलांडीवरील बोंबील काय, ताडावरील मडके काय किंवा फडक्यात बांधलेले वाल काय, या प्रत्येकात संशोधनाचा विषय दडलेला आहे. तो ओळखणारी दृष्टी त्याच घरातून निर्माण झाली तर तिचे संशोधन त्या घराच्या चुलीपर्यंत निश्चितपणे परत येईल.